कोलवाळला पुस्तक पाठवताना

तुरुंगात असलेल्या माणसाला धार्मिक पुस्तक पाठवायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच असतं: चांगलं काहीतरी वाचू दे, डोकं ताळ्यावर येईल. मला हे अजिबात पटत नाही. त्याचं डोकं ताळ्यावर आणायला पोलीस, वकील, कोर्ट, नातेवाईक आणि अख्खा गाव आधीच कामाला लागलेला असतो. त्यात पुस्तकाचीही भर कशाला? पुस्तकाने आत जाऊन त्याच्या शेजारी बसावं, एवढंच मला हवंय.

माझा लहानपणापासूनचा मित्र, आमच्या पेडण्याकडच्या वाड्यावरचा पखवाजवाला, सध्या गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. कच्चा कैदी आहे, खटला चालू आहे. पैशांच्या व्यवहाराची केस. खरं काय, खोटं काय ते कोर्ट ठरवील, कृपा करून त्यावर इथं कुणी लिहू नये. त्याला पुस्तकं न्यायचं ठरलं तेव्हा वाड्यावरच्या प्रत्येकाने एकेक नाव सुचवलं. मनापासूनच सुचवलं. पण जो तो आपल्याला आवडलेलं किंवा त्याला ऐकवायचं राहून गेलेलं पुस्तक सुचवत होता. त्याला रात्री झोप लागत नाही, एका खोलीत पुष्कळ माणसं आहेत, दिवा मालवायचा की नाही हेसुद्धा त्याच्या हातात नाही, याचा विचार फार थोड्यांनी केला.

त्याच्या आईचं म्हणणं होतं, गुरुचरित्र द्यावं. त्यांच्या घरात दत्ताची उपासना आहे, त्यामुळे ते साहजिकच होतं. मी त्यांना म्हटलं, ‘काकी, पोथीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो ती कशी वाचणार?’ गुरुचरित्राचं पारायण म्हणजे सोवळं आलं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या अध्यायावर थांबणं आलं, जेवणाखाणाचे नेम आले. आत जे ताटात येईल ते खायचं, जिथं जागा मिळेल तिथं पथारी टाकायची. आणि हा श्रद्धाळू माणूस. एखादा नेम मोडला की ‘आता दत्तगुरूही माझ्यावर रागावले’ हेच घोकत बसणार. आधीच त्याच्या डोक्यावर कमी ओझं आहे का? काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बरं, पोथी मी वाचते, संकल्प त्याच्या नावाने सोडते.’ त्याला आम्ही हरिपाठ दिला.

ज्ञानदेवांच्या हरिपाठाची छोटी पुस्तिका असते, शर्टाच्या खिशात मावणारी. आमच्याकडे देवळातल्या भजनात बसलेल्या पोराला तो न शिकवताच पाठ होतो, त्यालाही पाठ आहे. म्हणून तो मला म्हणाला, ‘जे पाठच आहे ते छापील कशाला?’ पुढच्या मुलाकतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, त्यानेच सांगितलं की रात्री डोकं भणभणायला लागलं की पाठ असलेला अभंगही मध्येच तुटतो, पुढची ओळ आठवत नाही, आणि मग जीव आणखी घाबरा होतो. हातात पुस्तक असलं की बोट ठेवून पुढं जाता येतं. पथारीवर बसून मांडीवर एका हाताने ठेका धरतो आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. हे सांगताना त्याचा हात नकळत तसाच हलत होता.

तुकोबांच्या गाथेवर मात्र मी पहिल्यापासून अडून बसलो होतो. त्याचं कारण सांगतो. तुकोबा वाण्याच्या घरातले, दुकानदार. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पैशाबरोबर मानही गेला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय, काही न लपवता. ज्याची पत गेली आणि ज्याच्याकडे गाव वेगळ्या नजरेने बघतो, अशा माणसाला यापेक्षा जवळचा सोबती कोण मिळणार? आणि हे तुकोबा विठ्ठलाशी भांडतात. त्याला जाब विचारतात, त्याच्यावर रुसतात, तू आहेस की नाहीस इथपर्यंत जातात. मला हा राग फार मोलाचा वाटतो. आत असलेल्या माणसाला देवाचा राग येतो, आणि राग आला म्हणून अपराधीही वाटतं. भांडणही भक्तीतच बसतं हे त्याला आपण चार वेळा सांगून पटत नाही. तुकोबांनी सांगितलं की पटतं.

पूर्ण गाथा पाठवू नये असं माझं मत आहे. साडेचार हजारांच्या वर अभंग, जाड ग्रंथ, बारीक टाइप. निवडक अभंगांचं अर्थासहित पुस्तक पुष्कळ बरं. निवड कुणी केलीय ते मात्र बघून घ्यावं. काही निवडींत नुसते उपदेशाचे अभंग असतात, करुणेचे आणि भांडणाचे गाळलेले असतात. मी दुकानात उभं राहून अनुक्रमणिका चाळतो आणि भांडणाचे अभंग दिसले नाहीत तर पुस्तक खाली ठेवतो.

यानंतर विनोबांची ‘गीता प्रवचने’. ती मुळात तुरुंगातच जन्मली, हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी पहिल्या अध्यायावर प्रवचन दिलं, आणि दर रविवारी एक असं करत 19 जूनला अठरावा अध्याय संपवला. समोर कैदी बसलेले, आणि त्यांच्यातच बसून साने गुरुजी ते उतरवून घेत होते. वाचताना आजही जाणवतं की हा माणूस व्यासपीठावरून बोलत नाहीये, सोबतच्या कैद्यांशी बोलतोय. भाषा घरातली, दाखले शेतातले, स्वयंपाकघरातले. ते राजकीय कैदी होते, ताठ मानेने आत गेलेले. माझ्या मित्राची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तशीच आहे हे मी नाकारत नाही. तरी बंद दाराचा आवाज सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. त्या दाराच्या आत बसून कुणीतरी मन शांत कसं ठेवायचं यावर बोललंय, हे त्याला फार धीर देऊन गेलं. ‘म्हणजे हे पुस्तक आमचंच म्हण ना,’ असं तो म्हणाला.

यातून आम्हांला एक रीत सापडली. रविवारी एक प्रवचन तो आत वाचतो आणि तेच मी इथं घरी वाचतो. मग मुलाकतीला बोलायला केसच्या पलीकडचं काहीतरी असतं. नाहीतर त्या थोड्या वेळात वकील काय म्हणाला, तारीख कधी पडली, पैशांचं काय झालं, एवढंच होतं, आणि दोघंही आलो त्याहून जास्त दमून परततो. पुस्तक पाठवणाऱ्याने ते स्वतः वाचावं, त्याच वेळी वाचावं, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. आपण न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला ‘तुझ्या भल्याचं आहे’ म्हणून देणं बरोबर नाही.

काही थोर ग्रंथ मी मुद्दाम मागे ठेवलेत. टिळकांचं ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, म्हणून दोघातिघांनी सुचवलं. पण तो विद्वत्तेचा ग्रंथ आहे, शांत डोकं मागतो. दासबोध आवडतो त्याला, पण सुरुवातीच्या महिन्यांत मूर्खाची लक्षणं वाचायला लावणं मला क्रूरपणाचं वाटलं. पुढं बघू. सार्थ ज्ञानेश्वरी त्याने आपणहून मागितली की देईन. आपल्या गोव्याचं म्हणून एकाने फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ सुचवलं. 1616 साली राशोलला छापलेलं, मराठी ओवीतलं, आपला अभिमानाचा ठेवा आहे. पण ती चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे, शेजारी शब्दार्थ घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. सोहिरोबानाथ आंबिये मात्र दिले. आमच्या पेडण्याच्या मातीतले संत, आणि त्यांची पदं तो पखवाजावर कितीदा वाजवत आलाय. घरची माणसं भेटल्यासारखं वाटलं म्हणाला.

जी पुस्तकं चुकूनही देऊ नयेत असं मला वाटतं, त्यांत पहिली ती ‘अमुक पाठ अमुक दिवस करा, संकट टळेल’ असं छापून सांगणारी. आतला माणूस संकट टळेल याचा अर्थ जामीन होईल असाच लावतो. तो दिवस मोजून पाठ करतो, आणि नेमकी तारीख पुढं जाते. मग श्रद्धा कुठं ठेवायची त्याने? दुसरी, नरकयातनांची वर्णनं करणारी. आणि तिसरी गोष्ट पुस्तकापेक्षा पाठवणाऱ्याबद्दल आहे. आपल्या पंथाचं, आपल्या संस्थेचं, आपल्या धर्माचं साहित्य या निमित्ताने आत पोचवावं असं काहींना वाटतं. एका गृहस्थांनी माझ्याकडे गठ्ठाच आणून दिला होता. मी हात जोडून परत केला. बाहेरचा माणूस प्रवचन नको वाटलं तर उठून जाऊ शकतो, आतल्याला उठून जाता येत नाही. त्याने विचारलं तर जरूर द्यावं. न विचारता त्याच्या एकटेपणाचा फायदा घेऊ नये, मग धर्म कुठलाही असो.

गोव्यातल्या तुरुंगात सगळ्या धर्मांची माणसं एकत्र राहतात, वाड्यावर राहतात तशीच. मित्राच्या शेजारी पथारी असलेला एक ख्रिश्चन मुलगा मराठी शाळेत शिकलेला, मराठी सहज वाचतो. त्याच्यासाठी काय आणू असं मी विचारलं, त्याने मराठी बायबल मागितलं. मी घेण्याआधी थोडं वाचून बघितलं. त्यातली स्तोत्रं वाचताना मला तुकोबाच आठवत होते: देवा, किती दिवस तोंड लपवणार, असंच भांडण. ईयोबाच्या गोष्टीत तर सगळं गमावलेल्या माणसाला भेटायला मित्र येतात आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ असं समजावत बसतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. तुरुंगात कुणाला भेटायला जाणाऱ्याने तेवढं तरी वाचून जावं असं मला फार वाटलं. फिलिप्पैकरांना लिहिलेलं पौलाचं पत्रही कैदेतूनच गेलेलं आहे. कुराणातही यूसुफ तुरुंगात जातो, आणि कृष्णाचा तर जन्मच बंदिशाळेतला. कुठल्याही घरच्या मुलाला त्याच्या घरचं पुस्तक शोधून देता येतं.

आता थोडं व्यवहाराचं. न्यायच्या आधी कारागृहात विचारून घ्यावं, कसलं पुस्तक चालतं, किती चालतात. पुठ्ठ्याची जाड बांधणी टाळावी, साधी पातळ बांधणी बरी. टाइप मोठा हवा. चाळिशीनंतर त्या उजेडात बारीक अक्षर दिसत नाही, आणि चष्मा तुटला तर नवा मिळायला वेळ लागतो. पुस्तकात चिठ्ठी, फोटो, पैसे काही ठेवू नये. काकींनी हरिपाठात अंगाऱ्याची पुडी घातली होती, मला न सांगता. गेटवरच्या शिपायाने पान न् पान उलटून बघितलं, पुडी सापडली, वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली. ‘हे नाही चालत हो, पण आईने दिलंय असं त्याला सांगतो,’ म्हणाला. आणि त्याने खरंच सांगितलं. मुलाकतीला मित्राने पहिलं तेच विचारलं, ‘आयेने अंगारा धाडला होता काय?’

सध्या त्याची मागणी दोन गोष्टींची आहे. एक कोरी वही, म्हणजे आवडलेले अभंग उतरवून काढता येतील आणि पुस्तक दुसऱ्याला देता येईल. ती मिळेल की नाही ते विचारायला मी सोमवारी जातोय. दुसरी, चोखोबा आणि जनाबाई यांचे अभंग, अर्थासहित, मोठ्या टाइपात. चोखोबा एकाच पुस्तकात आणि पातळ बांधणीत मला अजून मिळालेले नाहीत. पणजी, म्हापसा, सावंतवाडी कुठंही कुणाला दिसले तर कमेंटमध्ये दुकान सांगा, मी जाऊन घेईन. घरातली जुनी प्रत असेल तरी चालेल, फक्त पानं सुटलेली नसावीत आणि आत कुणाचं नाव-पत्ता लिहिलेला नसावा.