खुलासा: गाडीचं इंजिन ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असं नाही
‘डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं की घरीच बदला, जुनं गटारीत ओता,’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. (डिपस्टिक म्हणजे इंजिनमधल्या ऑइलची पातळी बघायची पट्टी.) काळं दिसलं म्हणून बदलणं आणि जुनं गटारीत ओतणं, दोन्ही चूक. ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत. मुदत बघायची ती मॅन्युअलमधली: किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते. हां, ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, त्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मिसळलेलं असू शकतं.

मुदत भरली की घरी जरूर बदला. पण गटारीत? अहो, आपला जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो! २०१६ च्या नियमांनुसार जुनं ऑइल हा घातक कचरा आहे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, उद्यमनगरात विचारा.