ताटाची डावी बाजू

आमच्याकडे ताट अजून रीतीनं वाढतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. डाव्या बाजूच्या मंडळींनी आपापल्या कोपऱ्यात बसायचं, बोटानं चाटून घ्यायचं, फार हातपाय पसरायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, मठ्ठ्याचा होतो. पण "माझ्या गळ्याची शपथ, अजून थोडी कोशिंबीर" असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अशा कोशिंबिरीला तीन आठवड्यांपूर्वी मी ताटाच्या मधोमध नेऊन बसवलं.

कारण नेहमीचंच. ऑफिसात तपासणी झाली, दोन आकडे लाल शाईत आले आणि आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "रात्री फक्त सॅलड. पण पूर्ण जेवण व्हायला हवं हं! धान्य, कडधान्य, भाज्या, थोडं तेल, सगळं एकाच बोलमध्ये." घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "छानच की. कर मग सगळ्यांसाठीच." यातला 'कर' मला जरा उशिरा ऐकू आला.

पहिल्या दिवशी उत्साह दांडगा. सॅलड हा शब्दच मुळी मिठावरून आलेला आहे, लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल'. मी व्युत्पत्तीला जागलो आणि सात वाजताच सगळ्यावर मीठ भुरभुरून मोकळा झालो. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं आणि मीठ ते बाहेर ओढून काढतं, हे मला नऊ वाजता कळलं. तोवर बोलमध्ये तळं झालं होतं आणि त्यात टोमॅटो पोहत होते. आई ओट्याशी उभी राहून सगळं बघत होती. "कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालतात," ती म्हणाली. हे तिला सातलाही माहीत होतं. बाबांनी मात्र वाटी तोंडाला लावून तळं संपवलं आणि म्हणाले, "सार बरं झालंय. जेवायला काय आहे?"

दुसरा प्रश्न चावण्याचा. चिरायला मला सव्वा तास लागला होता, त्यामुळे खायला पाच मिनिटं लागणार अशी माझी समजूत होती. कच्चा कोबी, कच्चं गाजर, कच्ची सिमला मिरची आणि मीच शिजवलेले, म्हणजे निम्मे शिजलेले छोले! चार जण एकदम चावायला लागल्यावर घरात तबेल्यासारखा आवाज भरला. लेकीनं टीव्हीचा आवाज वाढवला. बाबांनी कवळी काढून शेजारी ठेवली आणि शांतपणे हात जोडले.

मग मी अभ्यास वाढवला. ड्रेसिंगमध्ये तीन भाग तेल आणि एक भाग लिंबू घ्यायचं, बाटलीत घालून खदखदा हलवायचं. ऑलिव्हचं तेल आणलं. आईनं बाटलीवरची किंमत चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. "एवढं महागाचं तेल आणि कच्चंच ओततोस? निदान फोडणी तरी दे." माझी पाठ वळताच तिनं ती दिलीच, हिंग-मोहरी-कढीपत्त्यासकट. लेट्यूसच्या पानांनी चर्र असा आवाज केला आणि जी मान टाकली ती पुन्हा काही वर आली नाही. चवीला चांगलं लागलं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

किन्वाच्या दिवशी ती मूठभर दाणे तळहातावर घेऊन म्हणाली, "राजगिराच आहे की हा, जरा सुजलेला." मी हसलो आणि नंतर गुपचूप शोधून पाहिलं. राजगिरा आणि किन्वा एकाच कुळातले निघाले. तेव्हापासून मी तिच्यासमोर हसताना आधी खात्री करून घेतो.

सगळ्यात फजिती झाली ती सीझर सॅलडच्या रात्री. नाव ऐकून बाबा खूश. त्यांना वाटलं, ज्युलियस सीझर स्वारीवर निघताना हे खात असणार. मग मला सांगावं लागलं की रोमशी याचा काडीचा संबंध नाही. सीझर कार्दिनी नावाचा एक इटालियन हॉटेलवाला होता, मेक्सिकोतल्या तिहुआना गावात. १९२४ साली एकदा गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, सामान संपत आलं, तेव्हा त्यानं हाताला लागलेली पानं, अंडं, चीज आणि पावाचे तुकडे एकत्र करून वाढले, असं सांगतात.

"म्हणजे फोडणीची पोळी," आई म्हणाली.

"आणि एवढी झुंबड कशाला?" बाबांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान उतू जात होतं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे तिकडची माणसं सीमा ओलांडून प्यायला तिहुआनात येत, हेही मी सांगून टाकलं.

आईनं काटा खाली ठेवला. "दारुड्यांसाठी केलेला पदार्थ तू मला चतुर्थीच्या आदल्या रात्री वाढतोस?"

एकीकडे माझं वजन मात्र जागचं हलेना. याचं उत्तर रात्री अकराला मिळायचं. पोट भरल्यासारखं वाटायचं नऊला आणि साडेदहाला ते वाटणं उतरायचं. मग मी अंधारात स्वयंपाकघरात जायचो. चिवड्याचा डबा स्टीलचा. आवाज होऊ नये म्हणून तो पोटाशी धरून, श्वास आत ओढून झाकण सोडवायचं असतं. एका रात्री डबा जागेवर नव्हता. तो बाबांच्या पोटाशी होता. आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही. त्यांनी झाकणात थोडा चिवडा काढून माझ्यापुढे धरला.

गेल्या शनिवारी मला ऑफिसातून यायला उशीर झाला, तेव्हा आईनं स्वयंपाकघर परत ताब्यात घेतलं. परातीत पातळ पोहे, त्यावर कांदा, टोमॅटो, चोचवलेली काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. नारळाचं पाणी शिंपडून सगळं झाकणाखाली दडपून ठेवलेलं. वरून दाण्यांची सढळ फोडणी आणि चुरलेला पोह्याचा पापड. मी घास तोंडात घातला आणि बोटं मोजायला लागलो. धान्य आहे. कच्च्या भाज्या आहेत. दाण्यांतून प्रथिनं, तेल, आंबट, कुरकुरीत. बाईंच्या कागदावरचं जवळजवळ सगळं!

"आई, हे सॅलड आहे!"

"तोंड सांभाळून बोल," ती म्हणाली. "दडपे पोहे आहेत."

मी तीनदा घेतले. बाबांनीही तीनदा घेतले आणि कवळी शेवटपर्यंत तोंडात ठेवली. सगळं कसं पोटभर झालं. तरीही अकरा वाजता माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. बाबा आधीच तिथं होते.

"भूक नाही रे," झाकण माझ्यापुढे करत ते म्हणाले. "आपली वेळ झाली म्हणून आलो."