ताई, मिठात भेसळ नाही, फरक वाटीत पडला (दुकानमालकाचं उत्तर)

नमस्कार ताई,

आमच्या दुकानाबद्दल तुम्ही मोबाईलवर टाकलेला रिव्ह्यू वाचला. आमच्याकडचं मीठ घालून केलेले तुमचे बिबडे (ज्वारीचे पापड) अळणी झाले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. ज्वारी तीन-तीन दिवस भिजत घालायची, दळायची, पहाटे उठून त्या पिठाचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर थापत बसायचं, आणि वर्षाची साठवण अळणी निघायची. आमच्याही धाब्यावर (घराच्या गच्चीवर) दरवर्षी बिबडे वाळतात, त्यामुळे घरात त्या दिवशी काय वातावरण झालं असेल ते मला सांगायला नको. दुकानात पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, हेही खरं. सखाराम महाराजांच्या रथयात्रेचा आदला दिवस होता, निम्मं अमळनेर भगर-साबुदाण्याला आलेलं, आणि काउंटरवर मी एकटा. तरी थांबावं लागलं ते लागलंच. माफ करा.

पण ताई, तुम्ही एक तारा दिला आणि वर लिहिलं, 'मिठात खारटपणाच नाही, पांढरी वाळू मिसळतात, भेसळखोर दुकान.' हे रात्री अकरा बावन्नला लिहिलेलं मी सकाळी शटर उघडता उघडता वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. वडिलांनी हे दुकान एका तराजूवर सुरू केलं. भाव जास्त म्हणा, मालक बोलतो फार म्हणा (तुम्ही तेही म्हटलंच आहे), पण मापात पाप आमच्याकडे नाही. दुपारी एक आजीबाई आल्या, आमच्या आईच्या वयाच्या. गूळ घेतला आणि जाता जाता विचारलं, 'काय रे भाऊ, मीठमा काय टाकस तू?' त्यांच्या नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. म्हणून हे उत्तर लिहितोय. बायको म्हणते लिहू नका, आणखी वाढेल.

तुम्ही लिहिलं आहे की आठ किलो ज्वारीला दरवर्षीप्रमाणे 'मोजून दोन वाट्या' मीठ घातलं, तरी अळणी. सगळी गोम त्या वाटीत आहे. दरवर्षी तुम्ही पुडीचं बारीक मीठ घालत होता. या वर्षी माझ्याकडून खडे मीठ नेलं. खड्यांच्या मधे हवा राहते. वाटी भरलेली दिसते, पण वजन कमी भरतं. मी हे नुसतं तोंडानं बोलत नाही. वेलची मोजायचा छोटा काटा आहे, त्यावर घरातली चटणीची वाटी ठेवून चार गिऱ्हाइकांसमोर मोजलं. बारीक मीठ काठोकाठ, वरून बोटानं सपाट केलं तर १२२ ग्रॅम. तुम्ही नेलं त्याच पोत्यातलं खडे मीठ, तीच वाटी, तसंच सपाट, ९४ ग्रॅम. दोन वाट्यांना ५६ ग्रॅमचा फरक, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा मीठ तुमच्या घाट्यात पडलंच नाही. तुमची वाटी मोठी असेल तर आकडे बदलतील, हिस्सा साधारण तोच राहील. चमच्याचंही तेच. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, खड्यांचा त्याहून कमी, आणि खडे जेवढे मोठे तेवढा कमी. वजनावर घ्या, दोन्ही सारखंच खारट लागतं. शेवटी दोन्ही सोडियम क्लोराईडच.

त्यातून बिबड्याचं मीठ फसवं. वाळताना पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो, म्हणून आपल्या बायका घाटा चाखताना मीठ जरा कमीच लागू देतात. तुमचा घाटा चाखताना कमी लागला असणार, तुम्ही 'वाळल्यावर बरोबर होईल' म्हणून सोडून दिला असणार. हा माझा अंदाज आहे, राग मानू नका.

आता 'वाळू'. खडे मीठ मिठागरात उन्हावर पिकतं. गुजरातेत खाराघोड्याकडे आगरिया लोक रणात महिनोन्‌महिने राहून ते काढतात, तळ मातीचाच असतो. तेव्हा तळाशी थोडा करडा गाळ बसणं ही भेसळ नव्हे. आमची आई खडे मीठ आधी कोमट पाण्यात विरघळवायची, गाळ बसू द्यायची, वरचं पाणी फडक्यानं गाळून तेच घाट्यात घालायची. लोणच्याला घालायचं तर खडे तव्यावर कोरडे करून कुटायची. वाळू पाण्यात विरघळत नाही, मीठ विरघळतं. ग्लासभर पाण्यात दोन चमचे टाका, ढवळा. तळाला चिमूटभर गाळ राहिला तर माती, अर्धा चमचा राहिला तर मला आणून दाखवा, दुकानाच्या दारातच माझा पंचनामा करा.

इथे माझी एक चूक आहे ती कबूल करतो. पिशवीवर 'फक्त लोणच्यासाठी, साठवणीसाठी, आयोडीन नाही' असं लेबल लागतं. भाच्यानं भरलेल्या त्या पिशवीवरचं लेबल पुसट होतं. मी तोंडी सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता, हातानंच 'द्या, द्या' केलं. मी गप्प बसायला नको होतं.

आणि हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: तुम्ही म्हणता उरलेलं मीठ रोजच्या वरणात संपवताय. कृपा करून तसं करू नका. त्यात आयोडीन नाही. रोजच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. लोणचं, साठवण, जनावरं, कारखाने यांना सूट आहे, तीही तसं लिहून. पुडीच्या मिठात दुकानात तुमच्या हातात पडताना दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन लागतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यात हयगय नको. पुडी फोडली की बरणीचं झाकण घट्ट लावा आणि बरणी गॅसच्या शेजारी ठेवू नका, दमटपणा आणि उष्णता लागली की आयोडीन उडतं. 'आयोडीनच्या मिठानं लोणचं काळं पडतं' असं बरेच जण म्हणतात. मी दोन्ही मिठांचं घातलेलं पाहिलंय, काही काळं पडत नाही. फार तर मीठ मोकळं राहावं म्हणून पुडीत जी पूड घालतात तिनं खार जरा गढूळ दिसतो.

सैंधवाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. महाग आहे, गुलाबी नाही, आणि वास नाही म्हणून नकली आहे. वास पादेलोणाला येतो, गंधकाचा. सैंधवाला तसा वास आला तर ते सैंधवच नव्हे. गुलाबी रंग लोहामुळे येतो. पूर्वी आपल्याकडे येणारा गुलाबी माल बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यावर २०० टक्के आयातकर बसला, आणि २ मे २०२५ पासून तिकडचा मालच बंद झाला. आता माझा व्यापारी पाठवतो तो पांढरट, इराणकडचा, असं तो सांगतो. भाव त्यानं वाढवला, मग मीही वाढवला. अर्धा किलोचे पासष्ट रुपये म्हणजे लूट वाटते, मला मान्य आहे. मलाही विकताना बरं वाटत नाही. पण त्यात माझे सुटतात साडेपाच रुपये. पुडीच्या मिठाशी तुलना करू नका, पुडी तीस रुपयांच्या आत-बाहेर मिळते आणि त्यात दुकानदाराला काहीच उरत नाही, गिऱ्हाईक परत यावं म्हणूनच ठेवायची.

'बीपीला चांगलं म्हणून घेतलं' असंही तुम्ही लिहिलंय. ते मी सांगितलेलं नाही. दुकानात तशी पाटी नाही आणि लावणारही नाही. उपवासाला चालतं म्हणून सैंधव घ्यावं, रिवाज आहे, चवही सौम्य. पण त्यात सोडियम पुडीच्या मिठाइतकंच असतं, आणि बहुतेक सैंधवात आयोडीन नसतं. दादांना बीपी असेल तर मीठ बदलण्यापेक्षा कमी करा, दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड-शेवभाजी धरून. (खान्देशात हे कसं जमायचं, ते मलाही अजून जमलेलं नाही.) कमी सोडियमचं मीठही मिळतं, पण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

'मालक ज्ञान पाजळत बसतात', हे तुमचं वाक्य आता खरंच करून दाखवलं की काय, असं वाटतंय. पण बायपासला मार्ट आलंय, तिथे कुणी ज्ञान पाजळत नाही आणि कुणाला भेसळखोरही म्हणत नाही. आम्हाला आमच्या नावाशिवाय दुसरं काही नाही, ताई.

लेबलं नवीन करून घेतो, मोठ्या अक्षरात. गर्दीच्या दिवशी आणखी एक माणूस ठेवायचं बघतो. तुमचे खडे मिठाचे चाळीस रुपये परत देतो, पिशवी अर्धी संपली असली तरी आणा. बिबडे मात्र फेकू नका. भाजून, वरून तेल, तिखट आणि बारीक मीठ भुरभुरून, कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खा, खपून जातील. येताना तुमची ती वाटी घेऊन या, काट्यावर ठेवू. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.