सुइणींना देवाने घराणी दिली, पण ती खोटे बोलल्याबद्दल नव्हे

ख्रिस्ती मंडळींमध्ये एक मजकूर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर सारखा फिरत असतो. त्याचे शब्द दर वेळी थोडेफार बदलतात, पण गाभा ठरलेला असतो. इब्री (इस्राएली) सुइणी मिसरच्या राजाशी, फारोशी, खोटे बोलल्या आणि देवाने त्यांची घराणी वसवली. इस्राएलाच्या हेरांना लपवणारी यरीहोची राहाब राजाच्या माणसांशी खोटे बोलली आणि तिचे नाव विश्वासवीरांच्या यादीत गेले. शमुवेल संदेष्ट्याला तर बहाणा खुद्द देवानेच शिकवला. नववी आज्ञा फक्त न्यायालयातील साक्षीपुरती आहे. म्हणून प्रेमापोटी किंवा कोणाचा जीव वाचवण्यासाठी बोललेले खोटे हे पाप नसून सत्कर्म आहे. हा मजकूर वाचून अनेकांना हायसे वाटते, हे मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे मत केवळ आजच्या उथळ मंडळींचे नाही. चौथ्या-पाचव्या शतकातील जॉन क्रिसोस्तम याने सद्हेतूने केलेल्या फसवणुकीची बाजू घेतली होती, आणि जॉन कॅसियन याच्या मठवासीयांच्या संवादांत खोट्याची तुलना एका विषारी मुळीशी केलेली आढळते: जीवघेण्या दुखण्यात ती औषध ठरते, एरवी घेतली तर प्राण घेते. तेव्हा समोरचा माणूस अश्रद्ध आहे किंवा शास्त्र वाचत नाही, असे मी म्हणणार नाही. तो शास्त्र वाचतो, पण घाईने वाचतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुइणींचा मुद्दा पहिला. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोघींची नावे दिली आहेत, आणि ज्या फारोने त्यांना मुलगे मारण्याचा हुकूम दिला त्याचे नाव मात्र कुठेच दिलेले नाही. सतराव्या वचनात सांगितले आहे की त्यांनी देवाचे भय बाळगले आणि मुलांना जिवंत ठेवले. इब्री स्त्रिया सशक्त असतात, सुईण पोचण्याआधीच त्या बाळंत होतात, हे त्यांचे उत्तर एकोणिसाव्या वचनात येते. आणि एकविसावे वचन बक्षिसाचे कारण स्पष्ट शब्दांत देते: सुइणींनी देवाचे भय बाळगले म्हणून त्याने त्यांची घराणी वसवली. कारण मजकुरातच लिहिलेले असताना आपण पदरचे दुसरे कारण त्याच्या जागी बसवणे हा शास्त्राचा अर्थ लावणे नव्हे. शिवाय त्यांचे उत्तर संपूर्ण खोटे होते, असेही मजकूर म्हणत नाही. ज्या सुइणींना मुले मारायची नव्हती त्या मुद्दामच उशिरा पोचत असतील, हे सहज शक्य आहे. मी त्यावर भर देत नाही, कारण त्या खोटे बोलल्या असे धरले तरी माझा मुद्दा तसाच राहतो. थोरला ग्रेगरी या पोपने तर असे म्हटले की त्या खोट्यामुळे त्यांचे बक्षीस घटून केवळ ऐहिक राहिले. हे मात्र मला पटत नाही. मजकुरात त्यांच्यावर दोषाचा एक शब्दही नाही, आणि जो दोष शास्त्राने ठेवला नाही तो आपणही ठेवू नये. पण दोष न ठेवणे आणि आदर्श म्हणून पुढे करणे यांत फार मोठे अंतर आहे.

राहाबेच्या बाबतीत तोच न्याय लागू होतो, पण तिथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवणे मला योग्य वाटत नाही. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात तिने हेरांना घराच्या छतावर जवसाच्या काड्यांखाली लपवले आणि शिपायांना सांगितले की ते वेशीबाहेर गेले, लगेच पाठलाग करा म्हणजे सापडतील. इथे पळवाट नाही. ते वाक्य खोटेच होते. इब्री लोकांस पत्र तिची प्रशंसा करते ती हेरांचा स्नेहभावाने स्वीकार केल्याबद्दल, आणि याकोबाचे पत्र करते ती त्यांना दुसऱ्या वाटेने पाठवल्याबद्दल. दोन्ही ठिकाणी तिच्या बोलण्याचा उल्लेख नाही. यावर विरोधक म्हणतात की दुसऱ्या वाटेने पाठवणे शक्य झाले ते शिपाई चुकीच्या वाटेला लागले म्हणूनच. हे खरे आहे. तरीही ज्या यादीत राहाब आहे त्याच अकराव्या अध्यायात, एकाच वचनापुढे, शमशोन आणि इफ्ताह यांचीही नावे आहेत. शमशोनाचे स्त्रियांच्या बाबतीतले वागणे किंवा इफ्ताहाचा तो भयानक नवस आपल्याला अनुकरणीय आहे, असे या यादीवरून कोणी म्हणत नाही. यादी विश्वासाची आहे. त्या माणसांच्या प्रत्येक कृतीवर मारलेले ते संमतीचे शिक्के नव्हेत. आणि राहाब यरीहोत वाढलेली, मोशेचे नियमशास्त्र न शिकलेली, इस्राएलाच्या देवाविषयी केवळ ऐकून होती. तेवढ्या ऐकीव माहितीवर तिने जीव धोक्यात घातला, हे थोर आहे. तिच्याइतकाच प्रकाश आपल्यालाही मिळाला आहे, असा दावा आज बायबल हातात घेऊन आपण कसा करणार?

शमुवेलाचा दाखला सर्वांत चलाख आहे. शौल राजा गादीवर असतानाच नव्या राजाचा अभिषेक करायला देव शमुवेलाला बेथलेहेमला पाठवतो. शौलाला कळले तर तो मला मारील, असे शमुवेल म्हणतो तेव्हा देव त्याला एक कालवड बरोबर घ्यायला सांगतो, आणि मी यज्ञ करायला आलो आहे असे सांग म्हणतो. मजकूर पसरवणारे याला बहाणा म्हणतात. पण बहाण्यात सांगितलेली गोष्ट घडत नसते. इथे कालवड खरोखर नेली गेली, बेथलेहेमचे वडीलजन खरोखर यज्ञाला बोलावले गेले, आणि त्याच प्रसंगी दाविदाचा अभिषेक झाला. शमुवेलाने जे सांगितले ते सगळे खरे होते. त्याने सगळे सांगितले नाही, इतकेच.

या ठिकाणी आपल्या भाषेतला एक जुना शब्दप्रयोग आठवल्यावाचून राहत नाही: नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचे वाक्यही अक्षरशः खरे होते, मग त्याच्यात आणि शमुवेलात फरक काय? फरक असा की द्रोणाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, मुलगा जिवंत आहे की नाही, आणि त्याच गोष्टीविषयी त्याच्या मनात खोटी समजूत रुजावी यासाठीच ते वाक्य रचले होते. शमुवेलाने कोणाच्या मनात खोटी समजूत रुजवली नाही, एक गुपित राखले. ही रेषा बारीक आहे हे मला मान्य आहे, आणि चर्चच्या इतिहासात ती अनेकदा ओलांडली गेली. अर्धे वाक्य मोठ्याने बोलायचे आणि त्याचा अर्थ पालटणारे उरलेले अर्धे मनातल्या मनात पुरे करायचे, ही युक्ती काही नीतिशास्त्रज्ञांनी पाप टाळण्याचा मार्ग म्हणून शिकवली होती. १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी ती शिकवण निषिद्ध ठरवली, ते योग्यच झाले.

इस्राएलाचा राजा अहाब याच्या संदेष्ट्यांच्या तोंडी देवाने असत्य वदवणारा आत्मा घातला, हाही दाखला कधीकधी जोडला जातो. त्याला उत्तर एवढेच की मीखाया या संदेष्ट्याने ती सगळी हकीकत अहाबाला तोंडावर सांगितली. ज्याला फसवणूक होत असल्याचे आधीच उघड सांगितले जाते आणि तरीही जो युद्धाला निघतो, तो सत्य नाकारण्याची शिक्षा भोगत असतो. आणि देवाचा न्याय हा आपल्या वर्तनाचा नमुना नव्हे.

आता आज्ञेकडे वळू. नववी आज्ञा (कॅथलिक आणि लूथरन गणनेत ती आठवी) शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते आणि तिची भाषा न्यायालयाची आहे, हे त्या मजकुरातले विधान बरोबर आहे. चूक पुढे होते, ती आज्ञा म्हणजे या विषयावरचे शास्त्राचे एकमेव वचन मानण्यात. लेवीय १९:११ एकमेकांशी लबाडी करू नका, खोटे बोलू नका असे सांगते, आणि तिथे न्यायालय नाही. प्रेषित पौल इफिसकरांना असत्य टाकून देऊन शेजाऱ्याशी खरे बोलण्यास सांगतो आणि कारण देतो की आपण एकमेकांचे अवयव आहोत. माझ्या मते हे कारण या संपूर्ण चर्चेतले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. डोळ्याने पायाला खोटे सांगितले तर पडते ते सगळे शरीर. आणि उद्दिष्ट चांगले असले की साधन शुद्ध होते, या युक्तिवादाचा समाचार पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच घेतला आहे. माझ्या असत्याने देवाचे सत्य अधिक उजळले तर मी पापी का ठरावा, असा प्रश्न तो मांडतो. चांगले व्हावे म्हणून वाईट करू या, असे आपण शिकवतो हा आरोप तो निंदा म्हणून झिडकारतो. त्याने उदाहरण नेमके असत्याचेच घेतले आहे.

मग दारात उभा असलेला मारेकरी? त्या मजकुरात शेवटी बहुधा नाझी शिपाई असतोच, आणि तो प्रश्न टाळता येत नाही. प्राचीन चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन याने सुमारे ३९५ साली असत्यावर एक ग्रंथ आणि सुमारे ४२० साली दुसरा लिहिला. पहिल्यात तो थगस्ते गावचा पूर्वीचा बिशप फर्मस याची हकीकत सांगतो. बादशहाचे शिपाई एका माणसाला शोधत आले. फर्मसने त्याला लपवले होते. त्याने उत्तर दिले की मी खोटेही बोलणार नाही आणि त्या माणसाला तुमच्या हवालीही करणार नाही. त्याचे हाल केले गेले, पण तो बधला नाही, आणि शेवटी बादशहाकडून त्याने त्या माणसासाठी माफी मिळवली. ही हकीकत मला महत्त्वाची वाटते ती तिचा शेवट गोड झाला म्हणून नव्हे. तो तसा झाला नसता तरी तिने दाखवलेली तिसरी वाट खरी असती: न बोलणे, नकार देणे, दार अडवून उभे राहणे. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यानेही दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोलणे अमान्य केले, पण सत्य शहाणपणाने झाकून ठेवण्यास मोकळीक दिली.

परंतु ही तिसरी वाट दर वेळी मोकळी असते, असे मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधील हार्लेम शहरात टेन बूम कुटुंबाने ज्यूंना आसरा दिला होता. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी धाड पडली तेव्हा सहा जण त्या घरातील मुलगी कोरी हिच्या खोलीतील खोट्या भिंतीमागे दडलेले होते, आणि तिथे नुसते गप्प राहणेही उत्तर ठरले असते. घरात कोणी लपले आहे हे झोपेतून उठवल्यावरही नाकारण्याचा सराव कोरीने केला होता. तिची बहीण नॉली खोटे बोलणे पाप मानत असे. तिच्या घरातील स्त्री ज्यू आहे का, असे विचारल्यावर तिने हो म्हटले. एकाच घरात वाढलेल्या, एकाच प्रार्थनेतून उठलेल्या दोन बहिणी. नॉलीचे उत्तर मला बरोबर वाटत नाही, कारण खोटे न बोलण्याच्या कर्तव्यातून मारेकऱ्याला माहिती पुरवण्याचे कर्तव्य निघत नाही. आणि कोरीवर दगड उचलण्याचे धाडस माझ्यात नाही. त्या क्षणी भीतीने आणि प्रीतीने तोंडातून निघालेल्या खोट्याला देवाची क्षमा आहे, असा माझा दृढ विश्वास आहे. पण क्षमा वेगळी आणि आधीच दिलेली परवानगी वेगळी. क्षमा मागणारा माणूस पुढच्या वेळी दुसरी वाट शोधतो. परवानगी घेऊन बसलेला शोधत नाही.

याच ठिकाणी काहीजण डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याचा १६२५ सालचा विचार पुढे करतात: ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याच्याशी बोललेले असत्य हे मुळात खोटेच नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ सालच्या ग्रंथात असत्याच्या व्याख्येत हक्काची ही अट खरोखर आली होती. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली, आणि सत्य जाणण्याचा हक्क नसलेल्याला ते सांगण्याचे बंधन नाही, हे वेगळे विधान कायम ठेवले गेले. सांगण्याचे बंधन नसणे आणि फसवण्याची मुभा असणे या दोन गोष्टी तिथे नीट वेगळ्या केल्या आहेत. कारण कोणाला हक्क आहे आणि कोणाला नाही हे ठरवणार कोण? दर वेळी बोलणाराच.

बोलणाऱ्याने ते ठरवले की काय होते, याचे उदाहरण दुर्दैवाने एका थोर माणसाचेच आहे. जर्मनीतील हेसे प्रांताचा अधिपती फिलिप याला, पहिली पत्नी हयात असताना, गुप्तपणे दुसरे लग्न करण्यास धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने डिसेंबर १५३९ मध्ये नाइलाजाने संमती दिली. लग्न मार्च १५४० मध्ये झाले आणि बातमी फुटली. तेव्हा कबुलीजबाबातला सल्ला उघड करता येत नाही, या भूमिकेवरून ल्यूथरने लग्न नाकारण्याचा सल्ला दिला, आणि ख्रिस्ती मंडळीच्या भल्यासाठी एखादे खणखणीत खोटे बोलले तर काय बिघडते, असे तो म्हणाला. दारात मारेकरी नव्हता, कोणाचा प्राण जाणार नव्हता. अब्रू जाणार होती. जीव वाचवण्यासाठी उघडलेले दार इतक्या लवकर अब्रू वाचवण्यासाठी वापरले जाते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात मारेकरी कधी येणार नाही. प्रेमापोटी खोटे बोलण्याचा प्रसंग येतो तो आजाऱ्याच्या उशाशी. ऑगस्टीनने तोही प्रश्न टाळला नाही: मरणपंथाला लागलेला बाप आपल्या एकुलत्या मुलाविषयी विचारतो, आणि मुलगा आधीच वारला आहे. अशा वेळी आपलेही मन हेलावते, हे त्याने लपवले नाही.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारात घरात ठरले होते की तिला काही सांगायचे नाही. एका रात्री तिने मला विचारले, "मी बरी होणार ना रे?" मी म्हणालो, "हो, नक्की." धाकट्या बहिणीशी तिचा अनेक वर्षे अबोला होता. जरा चालता यायला लागले की मी स्वतः जाऊन तिला भेटेन, असे ती त्यानंतरही म्हणत राहिली, आणि माझ्या शब्दावर विसंबून थांबली. मावशी आली ती दफनाला. तिने मला बाजूला घेऊन विचारले, "ताईला माहीत होतं का?" त्या रात्री मी म्हणू शकलो असतो, "आई, दुखणं मोठं आहे. डॉक्टरांना फारशी आशा वाटत नाही. मी इथेच आहे. तुला कोणाला भेटायचं आहे का?"