खुलासा : गाडीतली ‘कुंईऽऽ’ ब्लूटूथची नव्हे

‘ब्लूटूथ रिसीव्हर (फोनवरचं गाणं गाडीच्या स्टिरिओत आणणारी डबी) लावला की स्पीकरमधून कुंई येते, कारण ब्लूटूथ जुनं आहे; ५.० वालं घ्या’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ब्लूटूथवरून आवाज डिजिटल येतो. सिग्नल बिघडला तर गाणं तुटतं, कुंई येत नाही.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूर चढत असेल तर मूळ अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनसोबत फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रात. रिसीव्हर गाडीच्या चार्जरवर आणि त्याची ऑक्स केबल (आवाज नेणारी वायर) स्टिरिओत, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा. त्यातून ती कुरकुर आत शिरते. वायरलेस म्हणायचं, पण वायरी दोन आहेतच की!

रिसीव्हर पॉवर बँकेवर चालवून बघा. कुंई थांबली तर ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची ही जादा वाट तोडणारी छोटी डबी) लावा. सतत नुसतं ‘स्सऽऽ’ येत असेल, तर फोनचा आवाज वाढवून स्टिरिओचा कमी करा.