टेरी फॉक्सने कॅनडा पार केला नव्हता

‘अपघातात पाय गमावलेल्या टेरी फॉक्सने कॅन्सरला हरवलं आणि एका पायावर अख्खा कॅनडा धावून पार केला,’ असा मेसेज सध्या फिरतोय. भावना चांगली आहे, पण माहिती चुकीची.

टेरी हा कॅनडाचा तरुण. त्याचा उजवा पाय 1977 मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्याआधी गाडीच्या अपघातात त्याच गुडघ्याला मार लागला होता, त्यामुळेच हा घोळ झाला असावा. पुढे केमोथेरपीच्या वॉर्डात आजूबाजूच्यांचे हाल पाहून त्याने कॅनडाभर धावून कॅन्सर संशोधनासाठी पैसे उभे करायचं ठरवलं.

12 एप्रिल 1980 ला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट जॉन्समध्ये त्याने कृत्रिम पाय अटलांटिकमध्ये बुडवला, बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. ते त्याला पॅसिफिकमध्ये ओतायचं होतं. रोज जवळपास एक मॅरेथॉन. धडधाकट पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल.

ते पाणी त्याच्या हातून पॅसिफिकमध्ये पडलं नाही. 143 दिवस, 5,373 किलोमीटर झाल्यावर, 1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ छातीत दुखू लागलं आणि धावणं थांबवावं लागलं. कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. मला वाटतं, हे वगळून त्याला विजेता ठरवणं त्याच्यावर अन्याय आहे आणि आज उपचार घेणाऱ्यांवरही.

प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर, हे त्याचं स्वप्न मात्र पुरं झालं: फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2.4 कोटी डॉलरच्या वर गेला. ते त्याने पाहिलं. 28 जूनला तो गेला. तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला होता.