आत्याबाईंचं तिकीट वाया कसं जाईल?

आज दुपारी घरच्या ग्रुपवर दिवाळीच्या सुट्टीत खालापूरच्या इमॅजिका थीम पार्कला जायचा बेत आला. कोण कोण येणार, किती तिकिटं, कोणती ट्रॅव्हल्स, सगळं पुतण्यानं नीट मांडलेलं. शेवटची ओळ अशी: "आजीला तेवढे दिवस आत्याकडं सोडू. ती कशातच बसणार नाही, तिकीट वाया जाईल." खाली सगळ्यांचे अंगठे. एकालाही खटकलं नाही. मला खटकलं, आणि भाकरी थापतानाही डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितेय.

वाया म्हणजे काय हो? माणूस सहलीला फक्त पाळण्यात बसून किंचाळायला जातो का?

ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या ऐंशीच्या घरात आहेत. मागं त्यांना हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत नेलं होतं. तेव्हाही हीच रड होती. गुडघे, ऊन, बाथरूमची पंचाईत. १९९६ साली सुरू झालेली ती फिल्म सिटी, दीड हजार एकरांच्या वर पसारा, जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव. म्हातारं माणूस तिथं चालणार कसं? अरे, पण तिथं बसमधून फिरवतात की! आत्याबाई कडेच्या सीटवर पदर सावरून बसल्या आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनीच बघितलं.

एका ठिकाणी शूटिंगसाठी उभारलेली घरांची रांग होती. पोरं फोटोत दंग. आत्याबाई सरळ भिंतीपाशी गेल्या, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि वळसा घालून मागं जाऊन आल्या. "अगं, हे तर नुसतं पुढूनच हाय! मागं काहीच नाही." जन्मभर पांढऱ्या मातीच्या भिंती लिंपलेल्या बाईला भिंत वाजवून कळते. मग काय, पोरं त्यांच्यामागं. दिसेल ती भिंत वाजवायची, दिसेल तो खांब वाजवायचा, आणि खरं की खोटं ते आजीला विचारायचं. ती पोरं आता मोठी झाली. रामोजीचं काय आठवतं विचारा, हेच सांगतात. आणि त्यातलंच एक पोरगं आज लिहितंय की आजीचं तिकीट वाया जाईल.

आणखी एक. आत्याबाईंचं माहेर देगलूरकडचं, त्यामुळं तेलुगू त्यांच्या तोंडात. आम्ही शिकलेले लोक मोडक्यातोडक्या हिंदीत रस्ता विचारत होतो आणि आत्याबाई बागेत काम करणाऱ्या बायकांशी गप्पा मारत बसलेल्या. सावली कुठं आहे, कोणता खेळ बसून बघता येतो, बस कुठून पकडायची, सगळी माहिती त्यांनीच आणली. ओझं म्हणून ज्यांना ठेवून जायचं चाललं होतं, त्यांच्याच मागं आम्ही दिवसभर फिरलो.

मान्य, इमॅजिका वेगळं आहे. तिथं नायट्रोसारखे रोलर कोस्टर आहेत, त्यात आत्याबाईंनी बसावं असं मीही म्हणणार नाही. तिकीटही स्वस्त नाही. पण तिथल्या मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. आमच्या जाऊबाईंचा धाकटा त्यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी दारातूनच परत फिरेल. त्याला कोणी म्हणालं का, ठेवा घरी, तिकीट वाया जाईल? नाही म्हणालं. म्हणणारही नाही. मग म्हाताऱ्या माणसालाच हा हिशोब का लावता?

आणि या असल्या पार्कांचं मूळ तरी काय? वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचा की लॉस एंजेलिसच्या एका बागेत त्याच्या मुली गोल पाळण्यावर बसायच्या आणि तो बाकावर शेंगदाणे खात बसून राहायचा. तेव्हा त्याला वाटलं, आईबापांना आणि लेकरांना मिळून मजा करता येईल अशी जागा पाहिजे. १९५५ साली त्यानं डिस्नेलँड उघडलं ते त्यातूनच. म्हणजे बाकावर बसलेल्या माणसालाच ही कल्पना सुचली, आणि आपण बाकावर बसणाऱ्यालाच घरी ठेवून निघालो!

खरी अडचण आत्याबाई नाहीत, बेत आहे. रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, पहाटे खालापूरला उतरायचं, दिवसभर रांगा, रात्री पुन्हा बस. परभणीहून एवढं अंतर असं कापल्यावर विशीतली पोरंसुद्धा आडवी होतात. शेजारीच हॉटेल आहे, एक मुक्काम करा. खर्च वाढतो, हो, वाढतो. मग वॉटर पार्क यावेळी राहू द्या. सकाळी तुम्ही काय ते पाळणे करून घ्या, दुपारी आत्याबाईंना खोलीवर पडू द्या, आणि संध्याकाळची परेड सगळे मिळून बघा. रंगीबेरंगी कपडे, ढोल, नाचणारी माणसं. जत्रेत वाढलेल्या बाईला ते कळणार नाही असं वाटतं का कोणाला?

पुतण्यावर राग नाही माझा. रात्र-रात्र बसून त्यानं सगळे दर काढले, आजीला त्रास होऊ नये हेही त्याच्या मनात असणार. लेकरू गुणी आहे. राग त्या अंगठ्यांचा आला. त्यात आत्याबाईंची स्वतःची लेकरं आहेत, पन्नाशी ओलांडलेली.

आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय बाई तिथं, तुम्ही जावा." रामोजीच्या वेळी हेच म्हणाल्या होत्या, अगदी याच शब्दांत. म्हातारी माणसं पहिल्यांदा नाहीच म्हणतात, आपण दुसऱ्यांदा विचारतो का, तेवढंच बघत असतात. मी दुसऱ्यांदा विचारलं. "शेंगदाण्याची चटणी करून घ्यावी लागंल वाटंत खायला," म्हणाल्या.

तर ग्रुपवर लिहून टाकलंय: आत्याबाई येणार, बस दिवसाची बघा, मुक्काम धरा, त्यांच्या तिकिटाचे आणि खोलीचे पैसे मी देते. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

इथं कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन इमॅजिकाला जाऊन आलं असेल तर सांगा: आत व्हीलचेअर मिळते का, कुठं मिळते, आणि बसायला सावली कोणत्या भागात बरी आहे? बुकिंग या आठवड्यात करायचंय.